हवा कमी पडते

१

मिस्त्रीची एक शिस्त होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गाडी काळा धूर सोडत आली, पेट्रोल ढोसायला लागली, की लोक एकदम सगळं उघडून बसतात. तो तसं करत नसे. आधी सोपं, मग अवघड. आधी हवेचा फिल्टर, मग चोक, मग फ्लोट, मग जेट. एक गोष्ट बदलायची, गाडी चालू करायची, ऐकायचं, बंद करायची, प्लग काढून बघायचे आणि मगच पुढच्या गोष्टीला हात घालायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी सुधारेलही, पण कशानं सुधारली ते कळत नाही. आणि जे कळलं नाही ते दुरुस्त झालं असं तो मानत नसे. गिऱ्हाइकं वैतागत. पण एकदा त्याच्या हातून गेलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत येत नसे, म्हणून वैतागूनही त्याच्याकडेच येत.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला पुतणी गाडी घेऊन आली. त्याच्या थोरल्या भावाची, दादाची, फिकट हिरवी गाडी. दादाला जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि तेवढी वर्षं ती घराशेजारच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. पुतणीनं दोन महिन्यांपूर्वी ती बाहेर काढली, तिच्या कामाच्या ठिकाणाजवळच्या एका गॅरेजात टाकी धुऊन घेतली, बॅटरी, टायर, नळ्या सगळं नवं बसवून घेतलं आणि चालवायला लागली. काकाला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. आता तिला लांबच्या शहरात, एका मोठ्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती, परवा निघायचं होतं, आणि एवढ्या लांबच्या प्रवासाआधी काकाची नजर फिरलेली बरी म्हणून ती आली होती.

फाटकातून आत येता येता गाडी अडखळली. इंजीन घुटमळायला लागलं, मागून काळा धूर आला आणि अंगणभर कच्च्या पेट्रोलचा वास पसरला.

पुतणी उतरली आणि हसत म्हणाली की ही लबाडी आहे, सकाळी तासभर फिरवली तेव्हा सुतासारखी चालली, तुमचं फाटक दिसलं आणि हिला खोकला झाला. मिस्त्रीही हसला. सगळेच असं म्हणतात. गाडी कधीपासून आजारी आहे असं विचारलं की प्रत्येक जण आत्ताच, इथंच, असं सांगतो.

गाडीकडे मात्र त्यानं लगेच पाहिलं नाही. आधी हात पुसले, मग उगाच दोन पान्हे जागेवर ठेवले. नऊ वर्षांत त्यानं त्या शेडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं, आणि आता शेडच चालून आली होती.

२

प्लग काढले. चारही काळेठिक्कर, कोरडी काजळी धरलेले. हवा कमी आणि पेट्रोल जास्त, याला दुसरा अर्थ नसतो. मिश्रण बरोबर असेल तर प्लगचं टोक बिस्किटी रंगाचं होतं. ते बघितलं की त्याला बरं वाटायचं. त्यानं फडक्यावर चारही प्लग ओळीनं मांडले, पुसले, परत बसवले आणि शिस्तीनं कामाला लागला.

फिल्टर नवाच होता. तरी काढून बाजूला ठेवला, गाडी चालू केली. धूर तसाच. फिल्टर नाही, म्हणजे चोक. हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या तोंडाशी चोकची पत्र्याची झडप असते. इंजीन गार असलं की ती मिटायची, म्हणजे हवा कमी जाते आणि गाडी धरते. गरम झालं की उघडायची. ती मिटलेली होती. मिस्त्रीनं केबल पाहिली. केबल नवी, सैल नाही, गाडीतली चोकची खुंटी पूर्ण दाबलेली. झडप उघडी असायला हवी होती. त्यानं बोटानं उघडली, सहज उघडली, उघडीच राहिली. फिल्टरचं झाकण लावलं, गाडी चालू केली. काळा धूर.

झाकण काढलं. झडप मिटलेली.

असं होतं कधी कधी. वॉशर झिजला असेल, स्प्रिंग ओढत असेल. त्यानं स्प्रिंग काढूनच ठेवली. झाकण लावलं, चालू केली, बंद केली, झाकण काढलं. झडप घट्ट मिटलेली. या खेपेला बोटानं उघडताना त्याला थोडा जोर लागला, आणि तो जोर गंजाचा किंवा मळाचा वाटला नाही. गंज अडतो, सुटतो, परत अडतो. हे सगळीकडे सारखंच होतं. त्यानं बोट काढून घेतलं.

पुतणी शेजारच्या बाकावर बसून बोलत होती. सामान भरून झालं, खोली बघून ठेवली, हे आणि ते. आईचं नाव तिच्या बोलण्यात आलं नाही. मिस्त्रीनं न राहवून विचारलं की वहिनींना सांगितलंस का कधी निघणार ते. ती म्हणाली, चिठ्ठी ठेवलीय. एका घरात राहणाऱ्या मायलेकी चिठ्ठ्या लिहून एकमेकींशी बोलत होत्या, हे त्याला ठाऊक होतं. किती वर्षांपासून तेही ठाऊक होतं.

तो परत कार्बोरेटरवर वाकला. वाकलेल्या माणसाला कुणाकडे बघावं लागत नाही.

३

का ते आता सांगून टाकलेलं बरं. मिस्त्री सांगणार नव्हता, म्हणून आपणच सांगू.

नऊ वर्षांपूर्वी, कडक थंडीत, दादा संध्याकाळी गाडी घेऊन त्याच्याकडे आला होता. दादा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. स्वभावानं गरीब, धाकट्या भावाचा शब्द म्हणजे त्याला छापील शब्द. गाडी सकाळी धरत नाही म्हणाला. चोकची केबल निसटत होती. अर्ध्या तासाचं काम. मिस्त्रीला त्या दिवशी पत्त्यांच्या डावाला जायचं होतं, मंडळी खोळंबली होती. त्यानं तारेचा तुकडा घेतला, चोकची झडप मिटवून तारेनं बांधून टाकली आणि म्हणाला, रविवारी आण, नीट करून देतो. तोवर सकाळी शेडमध्येच दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवत जा. आणि शटर खाली ओढून घे, गार वारा लागला की बंद पडते ती.

दादा बरं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचं आणि वहिनींचं कडाक्याचं भांडण झालं. वहिनींचा आवाज पहिल्यापासून मोठा. असलात काय आणि नसलात काय सारखंच, असं त्या म्हणाल्या आणि ते शेजारच्या तीन घरांनी ऐकलं. दादा काही न बोलता शेडमध्ये गेला, शटर खाली ओढलं, गाडीत बसला आणि चालू केली. अकरा वाजता सापडला, बंद शेडभर साचलेल्या विषारी धुरात. मांडीवर पेपर होता, चष्मा नाकावर होता.

मिस्त्री सगळ्यांच्या आधी पोचला. खिडकी फोडून दादाला बाहेर काढला, गाडी बंद केली, आणि लोक दादाभोवती जमले होते तेवढ्यात बॉनेट उचलून ती तार कापली आणि खिशात घातली. हे त्यानं विचार करून केलं नाही, हे खरं आहे. पण नंतर नऊ वर्षं विचार करायला वेळ होता. चौकशीला आलेल्यांनी विचारलं, घरात काही वाद? शेजाऱ्यांनी खाली मान घालून होय म्हटलं. मिस्त्री मूग गिळून उभा राहिला. बायकोच्या बोलण्यानं माणसानं जिवाचं बरंवाईट करून घेतलं, असं ठरलं, आणि सगळं खापर वहिनींच्या डोक्यावर फुटलं. चौदा वर्षांच्या पोरीनंही ते आईच्याच डोक्यावर फोडलं आणि अजून फोडत होती.

त्यानंतर मिस्त्री दर आठवड्याला वहिनींच्या घरी जाऊन येत असे. नळ गळतो, दार अडकतं, बल्ब जातो, सगळं बघायचा. असा दीर मिळायला भाग्य लागतं, असं लोक म्हणत आणि वहिनीही म्हणत. तो ऐकून घ्यायचा.

४

दुपारी बारापर्यंत पेट्रोलची पातळी धरणारा फ्लोट झाला, सुई झाली, पेट्रोल सोडणारे जेट झाले, पंपाचा दाब तपासून झाला. सगळं जिथल्या तिथं. गाडी काळा धूर ओकत होती. मिस्त्रीनं हात टेकले आणि कोपऱ्यावर चहाला गेला. गाडी चालूच ठेवली होती. पुतणीला म्हणाला, लक्ष ठेव, बंद पडली तर पडू दे.

तो परत आला तेव्हा ती फाटकात येऊन उभी होती.

"काका, तुम्ही गेलात आणि बरी झाली."

त्यानं ऐकलं. फाटकापासून आवाज खरंच स्वच्छ येत होता, एका लयीत, घड्याळासारखा. धूर नव्हता. तो म्हणाला, गरम झाली असेल, उघडली असेल झडप. चालत चालत गाडीपाशी आला. दहाएक पावलांवर असतानाच इंजीन घुटमळलं आणि मागून काळा लोट निघाला.

पुतणी प्रयोगशाळेत काम करणारी. तिला गंमत वाटली. म्हणाली, परत जा बघू. तो गेला. आवाज सुधारला. या म्हणाली, आला. बिघडला. मग ती स्वतः लांब गेली आणि जवळ आली; गाडीला त्याचं काही नव्हतं. शेजारच्या दुकानातल्या वेल्डरला बोलावलं, तो बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. गाडीला त्याचंही काही नव्हतं. मिस्त्री आला की बिघडायची. पुतणीनं खडूनं जमिनीवर रेघ मारली. गाडीपासून दहा पावलं. रेघेच्या पलीकडे तो असला की प्लग बिस्किटी, अलीकडे आला की काळे. तिनं दोनदा काढून पाहिले.

"तुमच्या खिशात लोहचुंबक आहे का काही?" ती हसून म्हणाली.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. त्यानं खिसे रिकामे केले. अंगावरचा डगला काढून ठेवला. घड्याळ काढलं. बूट काढले. अनवाणी, बनियनवर, स्वतःच्याच अंगणात तो दहा पावलं पुढे-मागे करत राहिला, आणि प्रत्येक खेपेला तेच झालं. वेल्डर हसून हसून दमला आणि आपल्या कामाला निघून गेला. आता काढून ठेवण्यासारखं मिस्त्रीजवळ काही उरलं नव्हतं.

शेवटी त्यानं आपला लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला. त्याचं टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, की आतला प्रत्येक आवाज वेगळा ऐकू येतो. त्याची ही जुनी सवय होती. त्यानं टोक कार्बोरेटरच्या अंगावर टेकवलं. आधी नेहमीचं ऐकू आलं, पेट्रोलची सरसर, झडपांची टकटक. मग त्याच्या मागे आणखी एक आवाज होता. इंजीन मिनिटाला आठशे फेऱ्या करत होतं. हा आवाज मिनिटाला दहाबारा वेळा यायचा. आत ओढलेला, लांब, मध्येच अडलेला. थोडा थांबायचा आणि परत ओढायचा. मिस्त्रीनं स्वतःचा श्वास रोखून धरला, कारण तो आपलाच असेल असं त्याला वाटलं. आवाज चालूच राहिला.

त्यानं मान वर केली. समोरची काच स्वच्छ होती, गाडी रिकामी होती, पुतणी त्याच्या शेजारी उभी होती. ड्रायव्हरच्या बाजूला काचेला आतून एक धुरकट डाग होता, तळहाताएवढा, तोंड जवळ नेऊन हवा सोडल्यावर पडतो तसा. तो लहान होत गेला. पुरता नाहीसा होण्याआधी परत मोठा झाला.

"काय झालं, काका?"

काही नाही म्हणून त्यानं हात पुढे करून गाडी बंद केली. किल्ली फिरवायला त्याला खिडकीतून आत वाकावं लागलं, आणि तेवढा वेळ त्यानं डोळे मिटून घेतले.

५

मिस्त्री मूर्ख नव्हता. गाडीत दोष नव्हता; दोष एकाच गोष्टीत उरला होता, आणि ती गोष्ट दहा पावलांच्या आत उभी होती. यावर दोन उपाय होते. एक म्हणजे पोरीला समोर बसवून खरं सांगणं. दुसरा म्हणजे गाडीपासून लांब राहणं. दुसरा सोपा होता, आणि आधी सोपं मग अवघड हीच त्याची शिस्त.

तो पुतणीला म्हणाला की गाडी ठणठणीत आहे, जा बिनधास्त. तो स्वतः रेघेच्या पलीकडे जाऊन उभा राहिला होता. तिनं विचारलं, एक चक्कर मारून बघता का बरोबर? तो म्हणाला, गरज नाही.

ती गाडीत बसली, पण निघाली नाही. काच खाली केली. आता तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"काका, एक विचारायचं होतं. इतकी वर्षं धीर झाला नाही. आदल्या दिवशी बाबा तुमच्याकडे आले होते ना? काही बोलले होते? वागण्यात काही वाटलं होतं तुम्हाला?"

 दादाचं नाक होतं तिचं, आणि प्रश्न विचारून झाल्यावर ओठ घट्ट मिटायची सवय वहिनींची. ती पुढे म्हणाली की मी परवा जाईन ती परत यायची नाही. आईशी जाण्याआधी बोलावं की नाही तेवढंच ठरवायचंय. ते जर गाडी गरम करायला बसले असतील, सहज, रोजच्यासारखे, तर मग मी आईला फार छळलंय.

एवढं स्वच्छ विचारलं होतं तिनं. उत्तर तर तिनंच तयार करून हातात दिलं होतं; त्यानं नुसतं होय म्हणायचं होतं.

"नाही," मिस्त्री म्हणाला. "गप्प गप्प होता. काहीतरी मनात घेऊन बसल्यासारखा."

तिनं मान हलवली आणि काच वर केली. गाडी फाटकातून बाहेर पडली, वळणावर एकदा दिव्याची उघडझाप झाली आणि ती सुतासारखी निघून गेली. धुराचा मागमूस नव्हता. मिस्त्रीनं पायानं खडूची रेघ पुसून टाकली. त्याचा जीव भांड्यात पडला होता, खोटं कशाला सांगा.

दोन दिवसांनी ती आईशी न बोलता गेली. वहिनी दारात उभ्या होत्या म्हणे, हातात डबा घेऊन. गाडी समोरून गेली.

६

त्याच आठवड्यात गॅरेजातल्या गाड्या बिघडायला लागल्या. ब्रेकसाठी आलेली गाडी काळा धूर सोडायला लागली. टायर बदलायला आलेली टॅक्सी जागेवर गुदमरून बंद पडली. गिऱ्हाइकं तक्रार करत, गाडी फाटकाबाहेर नेत आणि बाहेर ती नीट चाले. पहिल्यांदा लोक हसले, मग बोलले, मग यायचे बंद झाले. वेल्डरनं आपली गॅसची नळकांडी भिंतीच्या पलीकडच्या टोकाला नेऊन ठेवली. विचारलं तर म्हणाला, तुम्ही जवळून गेलात की ज्योत पिवळी पडते हो मिस्त्री, सांधा धरत नाही.

घरी बायको शेगडीवरून कुरकुरत होती. भांड्यांची बुडं काळी होतात, घासून हात गेले, ज्योत पिवळी येते. मिस्त्रीनं एका संध्याकाळी शेगडी उलटी करून बर्नर सोडवले, छिद्रं सुईनं साफ केली, हवेच्या पट्ट्या पूर्ण उघडल्या. पेटवली. पिवळी, लांब, टोकाला काजळी धरणारी ज्योत. बायको म्हणाली की राहू द्या, तुम्ही कामावर गेलात की नीट जळते, मी सकाळीच सगळं रांधून ठेवत जाईन. हे ती साध्या सुरात म्हणाली, कारण तिला त्यातलं काही माहीत नव्हतं. तिचं डोकं हल्ली संध्याकाळी दुखायचं. बसल्या जागी पेंगायची.

ती झोपल्यासारखी दिसली की मिस्त्री उठून खिडक्या उघडायचा, मग लांब अंगणात जाऊन बसायचा. एकदा त्यानं तिथं काडी पेटवून पाहिली. काडी नीट जळायला हवी होती, मोकळी हवा होती. काडीतून काळ्या धुराची दोरी निघाली. त्यानं दुसरी पेटवली, तिसरी पेटवली, सगळी पेटी संपवली. प्रत्येक काडीला हवा कमी पडत होती.

मग तो रोखलेल्या श्वासानं ऐकू लागला. स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावायची आता गरज नव्हती. आवाज त्याच्या पाठीशी, खांद्याच्या उंचीवर होता. मिनिटाला दहाबारा वेळा. वळून बघायची त्याची छाती झाली नाही. दादा त्याच्यापेक्षा बोटभर बुटका होता, एवढंच त्याला आठवलं.

त्याला दादाचा राग आला. हे सांगायला लाज वाटावी, पण आला खरा. नऊ वर्षं वहिनींचे नळ दुरुस्त केले, पोरीच्या शिक्षणाला धावपळ केली, आणखी काय हवं होतं? मग त्याचं त्यालाच कळलं की दादानं काहीच मागितलं नव्हतं. दादा नुसता हवा ओढत होता. तेवढीच त्याला मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, काही दिवस माहेरची हवा खाऊ दे. मिस्त्रीनं तिला गाडीत बसवून दिलं, स्वतः दहा पावलं मागे उभा राहिला आणि तिथूनच हात केला. सोपे उपाय आता संपले होते. तो वहिनींच्या घराकडे चालायला लागला.

७

सांगायचं वाक्य त्यानं वाटेत जुळवलं. चोक मी बांधला होता वहिनी, आणि शटर खाली ओढायलाही मीच सांगितलं होतं. दादाला मरायचं नव्हतं. दोनतीनदा पुटपुटून पाहिलं. एका दमात म्हणता येत होतं. म्हणजे आज पोरीला पत्र जाईल, उद्या नाहीतर परवा ती आईला फोन करील. त्याच्या तोंडावर कुणी थुंकलं तर थुंकू दे.

दार उघडंच होतं. वहिनी ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, शेगडीवर कसलंसं आधण होतं. घर पूर्वीसारखंच नीटनेटकं. पुतणीच्या खोलीचं दार तेवढं बंद. उंबऱ्यावर त्याचा पाय पडला आणि शेगडीची निळी ज्योत पिवळी झाली, उंच झाली, पातेल्याच्या कडेनं वर चढली.

"या, भाऊजी," वहिनी मागे न बघता म्हणाल्या.

त्यानं विचारलं, मीच आहे हे कसं कळलं?

"ज्योतीवरून." त्यांनी गॅस थोडा बारीक केला. "नऊ वर्षं बघतेय. तुम्ही आलात की पिवळी पडते, गेलात की निळी. आधी वाटलं शेगडीच खराब आहे. दोन बदलल्या."

 म्हणजे त्यांना माहीत आहे. नऊ वर्षं त्या पाहत होत्या, जाणत होत्या, आणि तरी चहा करून देत होत्या.  अर्धं काम वहिनींनीच केलं होतं. आता फक्त वाक्य म्हणायचं होतं. तो म्हणाला, वहिनी, त्याबद्दलच बोलायला आलोय.

वहिनी वळल्या. त्या वर्षभरात फार वाळल्या होत्या, पण चेहरा शांत होता.

"बोलायचं काय त्यात, भाऊजी? मला कळतं. तुमच्याबरोबर ते येतात. माझ्यावरचा राग आहे तो. मी एकटी असते तेव्हा येत नाहीत हो कधी. भावासमोर मात्र दाखवतात, की बघ, हिनं माझं काय केलं." त्यांनी पदरानं ओट्याची कडा पुसली. "तुम्ही गेल्यावर रात्रभर माझं डोकं धरतं. असू दे म्हणते. तेवढंच त्यांचं म्हणून काहीतरी माझ्याकडे उरलंय. पोरही गेली. आता तुम्ही तेवढं येणं सोडू नका."

मिस्त्रीनं तोंड उघडलं. वाक्य तिथंच होतं, जुळवलेलं, एका दमाचं. वहिनी त्याच्याकडे बघत होत्या आणि उत्तराची वाट पाहत होत्या, आणि त्याला दिसलं की ते वाक्य म्हटलं तर वहिनींकडून दादाचा हा रागही जाईल, आणि त्याच्याकडून वहिनींच्या नजरेतला त्याचा चांगुलपणा. यातलं त्याला जास्त कशाचं वाटलं ते त्याचं त्यालाच माहीत. पाठीमागचा श्वास एकदा लांब ओढला गेला आणि थांबला.

"तसंच असेल, वहिनी," मिस्त्री म्हणाला.

वहिनींनी मान हलवली. थांबलेला श्वास परत सुरू झाला. ज्योतीची काजळी आता भिंतीवर चढायला लागली होती. वहिनींनी हात लांब करून खिडकी ओढून घेतली आणि कडी लावली.

"वाऱ्यानं विझते कधी कधी," त्या म्हणाल्या. "बसा ना. आज लगेच जाऊ नका."

टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. वहिनी अजून ओट्यापाशीच उभ्या होत्या. जी रिकामी होती तीत मिस्त्री बसला.